आकाशातली विमाने आणि माझा कॅमेरा

(कोजागिरी पौर्णिमेला, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात झालेले हे भाषण. त्या वेळी ज्यांचे लक्ष मसाला दुधाच्या पातेल्याकडे होते, त्यांच्यासाठी येथे छापत आहोत.)



आज या जागी मी उभा आहे याचे खरे कारण ठरलेल्या वक्त्यांना आलेला ताप. परवा रात्री सेक्रेटरींचा फोन आला, "तुम्ही विमानांचे फोटो काढता ना? त्यावरच वीस मिनिटं बोला. फार तांत्रिक नको." मी बँकेतला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या जुळतात का हे पाहिले. विमानातले मला कळते ते लांबून पाहून जेवढे कळेल तेवढेच. आपल्यात हवाई दलातून निवृत्त झालेले, सीएसआयओमध्ये आयुष्य घालवलेले लोक बसले आहेत. त्यांनी माझ्या चुका दूध पिताना सांगाव्यात, आत्ता नको.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. आमच्याकडे ओझर या गावाला नुसते ओझर कोणी म्हणत नाही, 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ मध्ये तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला आणि मिग-२१ ही लढाऊ विमाने तिथे तयार होऊ लागली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. मिग-२१ जातीची सहाशेहून जास्त विमाने आपल्या देशात बनली. माझा मामा त्या कारखान्यात होता. आम्ही पोरे विचारायचो, "मामा, तू तिथं काय करतोस?" मामाचे उत्तर ठरलेले, "काम करतो." पुढे एक शब्द नाही. मामी म्हणायची, "मलाही एवढंच माहीत आहे." दुपारी शाळेच्या पत्र्यावरून कडाड आवाज करत विमान गेले की गुरुजी शिकवायचे थांबत आणि आम्ही सगळे खिडकीशी. ते काय होते हे विचारायची गरज नव्हती. मामाचेच विमान!

१९८५ साली बदली होऊन चंडीगडला आलो. काळ कसा होता ते तुमच्यापैकी जुन्यांना सांगायला नको. इथे आल्यावर कळले की भारतात आलेल्या पहिल्या मिग-२१ विमानांचे बिऱ्हाड याच गावात मांडले गेले होते. १९६३ मध्ये इथे २८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली, तिचे नाव 'फर्स्ट सुपरसॉनिक्स'. तिचे पहिले प्रमुख विंग कमांडर दिलबाग सिंग पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. मला वाटले, चला, परक्या गावात निदान एक तरी पाहुणे-नात्याचे निघाले.

कॅमेरा मात्र घरगुती होता. छत्तीस फोटोंचा रोल घातला की गणपती, दिवाळी, संक्रांत असे करत वर्षभर पुरवायचा. १९८७ मध्ये थोरलीचे बारसे झाले. त्याच रोलमध्ये सात-आठ फोटो शिल्लक होते. रविवारी सकाळी स्कूटरवरून विमानतळाच्या बाजूला गेलो, एक अँटोनोव्ह-३२ उतरायला खाली आले होते. पोट एवढे जवळ दिसले की मोह आवरला नाही. दोन फोटो काढले असतील-नसतील, तोच मागून शिट्टी. सुरक्षा नाक्यावर नेले, नाव-पत्ता विचारला, बँकेचे ओळखपत्र पाहिले. शिवी नाही, आवाज नाही. फक्त कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले आणि रोल शेवटपर्यंत बाहेर ओढून उन्हात धरला.

चूक माझीच होती, त्यांनी त्यांचे काम केले. पण त्या रोलमध्ये थोरलीचे बारसे होते, पाळणा म्हणायला खास नाशिकहून आलेल्या माझ्या आईचा तिच्यासोबतचा एकुलता एक फोटो होता. आई त्याच पावसाळ्यात गेली. आमच्या सौभाग्यवतींनी याबद्दल मला आजतागायत पूर्ण माफी दिलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही. कारण मागण्यासारखी नाहीच ती.

तेव्हापासून एक नियम केला. हवाई दलाने आपणहून 'या, बघा' म्हटले तरच कॅमेरा बाहेर काढायचा. आपल्या गावचा विमानतळ म्हणजे हवाई दलाचीच धावपट्टी, नागरी विमाने तिथे पाहुणी. विमानातून उतरताना फोटो काढू नका अशी सूचना होते आणि तरी दहा मोबाईल वर होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. या वर्षी मे महिन्यात भोंगे वाजले, घराघरांतले दिवे बंद झाले, त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी गच्चीवरून काढलेला आकाशाचा व्हिडिओ टाकला. सैन्याच्या हालचालींचे थेट चित्रण दाखवू नका अशी सरकारची सूचना आलेली होती. मी त्या मुलाला फोन करून तो काढून टाकायला लावला. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही तर स्वतः विमानांचे फोटो काढता!" आता त्याला १९८७ चा रोल कुठून दाखवू?

तर, 'या, बघा' म्हणायचा दिवस. ८ ऑक्टोबर २०२२. हवाई दलाच्या वर्धापन दिनाचा सोहळा तोवर दिल्लीच्या आसपासच होत असे, तो त्या वर्षी प्रथमच बाहेर पडला आणि आपल्या चंडीगडला आला. सकाळी संचलन तळावर, दुपारी हवाई कसरती सुखना तलावावर, राष्ट्रपतींच्या उपस्थितीत. गर्दी तुम्ही पाहिलीच आहे, अर्धे तर तुम्हीच होतात.

फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने सुखनासारखी जागा देशात विरळा. बांधावर उभे राहिले की तोंड उत्तरेकडे, समोर पाणी, त्यामागे शिवालिकच्या टेकड्या. दुपारचे ऊन आपल्या पाठीवर, म्हणजे विमानाच्या अंगावर. नाहीतर आकाशातल्या विमानाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या कागदावरचा काळा कावळा. आकाश उजळ असते, कॅमेरा त्याला फसतो आणि सगळेच अंधारून टाकतो, म्हणून मापापेक्षा थोडा जास्त प्रकाश द्यावा लागतो. आणि सुखनावर विमान टेकड्यांच्या खाली उतरले की मागे हिरवा पडदा मिळतो. मग ते किती खाली आहे, किती वेगात आहे हे फोटोत कळते. मोकळ्या निळ्या आकाशात ते कळत नाही, मग खेळण्यातले विमान दोऱ्याला टांगून काढला काय आणि हा काढला काय!

पहिल्यांदा जाणाऱ्याची हमखास फजिती होते ती आवाजाने. आपण आवाजाच्या दिशेने बघतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २५० मीटर जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विमान पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते. माझ्याकडे त्या दिवशीचे राफेलचे सहा फोटो आहेत. सहाही शेपटीचे. सातव्यात शेजारच्या सरदारजींची पगडी आहे, ती मात्र अगदी स्पष्ट आली आहे. युक्ती अशी की आवाजाच्या पुढे बघायचे, विमान लांब टिपक्याएवढे असतानाच नजरेत धरायचे आणि पाय न हलवता कमरेतून वळत कॅमेरा त्याच्याबरोबर न्यायचा. बटण दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट पुढे जाते ना, तसे.

दुसरी गोष्ट पंख्याची, आणि ही मला फार उशिरा कळली. जेट विमानासाठी शटर जितके जलद तितके बरे, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. मी चिनूक हेलिकॉप्टरलाही तेच लावले. घरी येऊन बघतो तर काय, एवढे अजस्र हेलिकॉप्टर आणि दोन्ही पंखे जागच्या जागी थिजलेले. पाहणाऱ्याला वाटावे, आता पडते! चिनूकचा पंखा मिनिटाला सव्वादोनशे फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला चारसुद्धा नाहीत. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो जेमतेम सव्वा अंश हलतो. त्याला फिरता दाखवायचा तर शटर साठावर, फार तर सव्वाशेवर आणावे लागते. मग हात हलला की सगळेच गेले. दहातला एखादा फोटो साधतो. पण तो एक जिवंत असतो.

त्या दिवशी मी चौदाशे फोटो काढले. त्यातले अकरा ठेवले. रोलच्या जमान्यात एवढ्याला एकोणचाळीस रोल लागले असते आणि आमचे घर गहाण पडले असते.

याच कारणाने जुन्या विमानांचे फोटो काढणे मला जास्त आवडते. ती सावकाश येतात, पंखा फिरताना दिसतो, आणि आवाज विमानाच्या बरोबरच येतो. गेल्या वर्षी, ६ ऑक्टोबर २०२४ ला, थोरलीकडे चेन्नईला असताना मरिना किनाऱ्यावरच्या कसरती पाहिल्या. तिथे डकोटा उडाले. हे विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये आपल्याकडे आले. राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिले, त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच उडवत असत. 'परशुराम' हे त्याचे नाव, आणि अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला जी डकोटा उतरली, तिचा हा क्रमांक. चकचकीत धातूचे अंग, तिरपे वळण घेतले की पंखांच्या पाठीवर ऊन पडते आणि क्षणभर आरशासारखे चमकते. तो क्षण मला मिळाला. शटर सव्वाशेवर, पंखा छान गोल फिरलेला.

तो फोटो घरी लावलेला नाही. त्या दिवशी ऐन दुपारच्या उन्हात किनाऱ्यावर लाखो माणसे होती, आणि पाच जण घरी परत गेले नाहीत. आम्ही सकाळी अकराला पोचलो होतो, जवळ पाण्याच्या दोनच बाटल्या. एक वाजता थोरलीला गरगरायला लागले, आम्ही वाळूतून रस्त्यापर्यंत यायला तास लावला. संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा दोघेही गप्प बसलो. लेन्स कोणती घ्यावी असे मला विचारतात, मी आधी टोपी आणि पाणी सांगतो. वयस्कर माणसे आणि लहान मुले असतील तर रंगीत तालमीच्या दिवशी जावे, कसरती बऱ्याचशा त्याच असतात आणि गर्दी कमी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत, पण ती सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.

आमच्या सेक्टरात एक अण्णा राहतात. नाव घ्यायचे नाही असे त्यांनी बजावले आहे. मूळचे पाटण तालुक्यातले, हवाई दलात एअरफ्रेम फिटर, सार्जंट म्हणून निवृत्त झाले, वय पंच्याहत्तरच्या घरात. त्यांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे मिग-२१ वर गेली. हे विमान उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगात असते. त्यामुळे चाकांचे टायर भराभर झिजतात, आणि थांबवायला शेपटीच्या मुळातल्या डब्यातून पॅराशूट सोडतात. ते सुटले की पुढच्या उड्डाणाआधी नवे घडी करून पुन्हा बसवायचे. अण्णांचे आयुष्य टायर आणि पॅराशूट यांत गेले. राजस्थानच्या उन्हात विमानाचा पत्रा इतका तापायचा की हाताला फडकी गुंडाळून काम करावे लागे, असे ते सांगतात. त्या हातांची चामडी अजून तशीच आहे.

तीन वर्षांपूर्वी सुखनाचे माझे फोटो त्यांना दाखवले. सगळे बघून झाल्यावर म्हणाले, "साहेब, वीस वर्षं हात लावला त्या विमानाला, पण माझा एक फोटू नाय त्याच्यासंगं." तळावर कॅमेरा न्यायचा नाही, नेला नाही. वैमानिकांचे फोटो निघत, स्क्वाड्रनचे निघत. हा माणूस नेहमी चाकापाशी वाकलेला, त्याचा कोण काढणार?

या मिग-२१ बद्दल आपल्या घरांतून प्रेमाने बोलावे की रागाने, हे मला आजही ठरवता आलेले नाही. १९७१ च्या युद्धात त्याने मोठी कामगिरी केली. पण २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. मामाच्या कारखान्यातले विमान म्हणून मला वाटणारा अभिमान आणि त्या माउलीचा प्रश्न, दोन्ही खरे. अण्णांसमोर मी एकदा हा आकडा काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत न आलेली पोरं सकाळी आमच्याच हातची शिडी चढून गेलेली असायची."

या २६ सप्टेंबरला, दहा दिवसांपूर्वी, मिग-२१ निवृत्त झाले, आणि तेही इथेच, जिथे आले होते तिथे. बासष्ट वर्षांनी. समारंभ निमंत्रितांसाठी होता. एका मित्राने सांगितले, तळाजवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीची किल्ली आहे माझ्याकडे, तिथून सगळे दिसेल, लांब लेन्स घेऊन ये. खोटे कशाला बोलू, आदल्या रात्री मी बॅटरी चार्ज करून ठेवली होती. अण्णांना विचारले, "येता का?" ते म्हणाले, "आतल्यांनी बोलावलं तर फोटू. भिंतीवरनं नाय, साहेब. आपण हाय ना आतले?" बॅटरी तशीच कपाटात ठेवली.

मग आमच्याच घरी दोघे टीव्हीसमोर बसलो. आमचे घर तळापासून लांब नाही. गंमत अशी की विमानांचा आवाज आधी खिडकीतून यायचा आणि टीव्हीवर ते विमान काही सेकंदांनी दिसायचे. अण्णा खिडकीकडे बघत बसले. २३ क्रमांकाच्या 'पँथर्स' स्क्वाड्रनची ती शेवटची विमाने, हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी स्वतः त्यांतले एक उडवले. उतरून आल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. टीव्हीवाला वैमानिकांविषयी सांगत होता, आणि अण्णा पडद्यावर बोट ठेवून मला दाखवत होते, "ते बघा, ते चाकापाशी पळतंय ते पोरगं बघा."

सेक्टर १८ मधले हवाई दलाचे हेरिटेज सेंटर तुम्ही पाहिले असेल, २०२३ च्या मे महिन्यात, जुन्या सरकारी छापखान्याच्या इमारतीत उघडले. नसेल पाहिले तर मुलांना घेऊन जा. तिथे नॅट आहे, मिग-२१ आहे. परवा खंडेनवमीला मी अण्णांना तिथे घेऊन गेलो. फोटो चालतील का हे आधी दारावर विचारले, माझी ती सवय आता जाणार नाही. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशात झेंडूचे एक फूल. मी म्हटले, "अण्णा, नाकापाशी उभे राहा, तिथे ऊन चांगले आहे." ते हलले नाहीत. विमानाला एक पूर्ण फेरी मारली, शेपटीखाली वाकून पाहिले, पंखाखाली आले आणि उजव्या चाकापाशी थांबले. फूल टायरवर ठेवले. मग गुडघे धरत, माझा हात न घेता, हळूहळू खाली बसले आणि एक हात टायरवर ठेवून म्हणाले, "आता काढा."

चाकापाशी सावली होती. शटर तीसवर आणावे लागले, हात थोडा कापला. फोटो किंचित हललेला आहे. मी दुसरा काढतो म्हणालो, पण अण्णांनी मान हलवली आणि उठायला हात पुढे केला. त्याची एक प्रत त्यांच्या देवघराशेजारी लागली आहे, आणि पाटणला भावाकडे पाठवायला आणखी दोन मागितल्या आहेत. त्या उद्या दुकानातून घ्यायच्या आहेत.

पातेले खाली उतरले असे दिसते. थांबतो.